परदेशात गेलात तर अर्धा दिवस पोळपाटाशी बसा

माझं एक मत आहे आणि ते माझ्या बऱ्याच निवृत्त मित्रांना पटणार नाही, तरी लिहितो. आपण फौजी लोक पेन्शनवर आलो की चार पैसे गाठीला बांधून परदेश सहलीला जातो. देश बघतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. पण त्या देशाच्या माणसाबरोबर एका चुलीपाशी बसत नाही. सकाळी पोहे, दुपारी डबा, रात्री हॉटेलच्या हॉलमध्ये आपल्याच आचाऱ्याने केलेला वरण-भात. 'सोबत महाराष्ट्रीय आचारी' ही ओळ सहलीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असते, आणि अनेक जण तीच ओळ वाचून पैसे भरतात.

ज्यांना पथ्य आहे, ज्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आहे, ज्यांचा उपास-तापास कडक आहे, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय ते धडधाकट फौजी माणसाबद्दल. ज्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलखातलं अन्न खाऊन काढली, तो साठीनंतर अथेन्सला जाऊन पिठलं मागतो याचं मला नवल वाटतं.

आठवून बघा. सिग्नल्सच्या माझ्या युनिटमध्ये तामिळ होते, गढवाली होते, पंजाबी, बंगाली, नागा, सगळेच होते. लंगर एकच. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातून आलेल्या पोराने सांबार तिथेच पहिल्यांदा ओरपलं. लेहला असताना ज्या घराच्या मागून आमची केबल जात होती, त्या घरातल्या अम्माने थंडीत चुलीपाशी बसवून खंबीर पाव आणि बटर-चहा दिला. लडाखी घरात स्वयंपाकघर हीच सगळ्यात मोठी आणि उबदार खोली असते, तिथे बसायला मिळालं म्हणजे तुम्ही त्या घरचे झालात. नागालँडमध्ये बांबूच्या कोंबाचा वास पहिल्या दिवशी नाकात जातो, महिन्याभरात तो नसला तर जेवण अळणी लागतं. जोधपूरकडे केर-सांगरी खाल्ली. दुष्काळात तगून राहण्यासाठी वाळवून ठेवलेली ती झुडपांची फळं आणि खेजडीच्या शेंगा. आज त्याच शहरांतल्या दुकानांत सुक्या मेव्याच्या रांगेत विकायला असतात.

पोस्टिंग आपली कधी होते? मूव्हमेंट ऑर्डर हातात पडते तेव्हा नाही. कुणाच्या तरी चुलीपाशी पाट मिळतो तेव्हा होते. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग परदेशात ते का विसरायचं?

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आम्ही दोघं ग्रीसला गेलो. ग्रुप नाही, आचारी नाही. क्रीट बेटावर हानिया शहराच्या मागे पांढरे डोंगर आहेत, खरोखर त्या नावाचे. त्यांच्या पायथ्याच्या एका खेड्यात एक बाई आपल्या घरी पारंपरिक स्वयंपाक शिकवते. बघायचं नाही, हातांनी करायचं. आम्ही दोघं, एक डच जोडपं आणि एक कॅनडाची शिक्षिका, असे पाच जण होतो. शिकवणारी बाई पन्नाशीची. पण खरी उस्ताद म्हणजे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली तिची सासू, नव्वदीच्या घरातली. सगळे तिला 'याया' म्हणत होते, म्हणजे आजी. आमच्या हिने पहिल्या पाच मिनिटांत 'याया' सोडून सरळ 'आजी' म्हणायला सुरुवात केली. आजीला ते चाललं.

वर्ग सुरू झाला तो ओट्यापाशी नाही, परसात. सुनेने आमच्या हातात एकेक पाटी दिली आणि म्हणाली, भाजी खुडा. क्रीटच्या लोकांचं या बाबतीत मोठं नाव आहे. डोंगरात, बांधावर उगवणाऱ्या रानभाज्यांना ते 'होर्ता' म्हणतात, आणि जुन्या बायकांना त्यांचे पुष्कळ प्रकार ओळखता येतात. मी पाटी घेऊन वाकलो आणि थांबलोच. समोर घोळ होती. आपली घोळीची भाजी, लालसर देठाची, जाड गुळगुळीत पानांची. ग्रीक तिला 'ग्लिस्त्रीदा' म्हणतात, क्रीटमध्ये 'आंद्राक्ला'. ते ती कच्चीच टोमॅटो-काकडीत घालून खातात, आपण डाळीत शिजवतो. तिच्या शेजारी 'व्लिता', म्हणजे माठाचाच भाऊ. साडेपाच हजार किलोमीटर विमानाने जाऊन मी खटावच्या बांधावरच्या भाज्या खुडत होतो.

मग फुलं. तिकडच्या लांबट हिरव्या भोपळ्याची पिवळी फुलं सकाळीच खुडतात, कारण ऊन चढलं की ती मिटतात आणि मग सारण भरता येत नाही. तांदूळ, कांदा, किसलेला टोमॅटो, पुदिना, शेपू, लिंबू आणि भरपूर ऑलिव्हचं तेल, हे सारण. तेच सारण द्राक्षाच्या पानांतही भरायचं. त्याला 'दोल्मादाकिया' म्हणतात. पानं उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढायची, शिरांची बाजू वर ठेवायची, चमचाभर सारण, दोन्ही बाजू आत दुमडायच्या आणि गुंडाळायचं. अळूवडी करणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. फरक एवढाच की गुंडाळी सैल ठेवायची, कारण आत कच्चा तांदूळ आहे, तो फुगणार. डच माणसाने सिगार वळावा तशी घट्ट वळली. आजीने ती न बोलता उलगडली आणि परत त्याच्या हातात दिली. वळलेल्या गुंडाळ्या पातेल्यात गोल रचून वर उलटी ताटली ठेवतात, म्हणजे शिजताना त्या सुटत नाहीत.

बिनमांसाच्या या प्रकाराला एक जुनं तुर्की नाव आहे, 'यालांजी'. त्याचा अर्थ खोटं, लबाड. मांस असल्याचा नुसता आव आणणारं, म्हणून लबाड. 'दोल्मा' हा शब्दही तुर्कीच, त्याचा अर्थ भरलेलं. ग्रीस काही शतकं ऑटोमन अमलाखाली होता, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण राज्यकर्ता गेला तरी त्याचा शब्द पातेल्यात राहतो, हे ते पातेलं उतरवताना कळलं.

पुढचा पदार्थ 'कालित्सुनिया'. पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि त्यात थोडी घरची दारू. द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्यापासून क्रीटमध्ये जी कडक दारू गाळतात, तिला 'त्सिकुदिया' किंवा राकी म्हणतात. ती पिठात घातली की आवरण खुसखुशीत होतं. किती पीठ घ्यायचं, असं कॅनडाच्या बाईंनी वही उघडून विचारलं. सुनेने उत्तर दिलं, 'ओसो पारी'. म्हणजे मळताना ते घेईल तेवढं. ग्रीक पाककृतींत हे शब्द सर्रास येतात. आपल्याकडे आई म्हणायची, पीठ मागेल तेवढं पाणी. वहीत लिहिता येत नाही आणि हाताला आपोआप कळतं, असं हे ज्ञान आहे. रायफल झिरो करताना उस्ताद काय सांगायचे ते आठवा. पुस्तकातला आकडा एक, आणि तुमच्या खांद्याला कळतं ते वेगळं.

लाटणं लांब आणि बारीक होतं. पारी लाटून त्यात रानभाजी किंवा 'मिझिथ्रा' नावाचं ताजं मऊ चीज भरायचं, अर्धचंद्र दुमडायचा आणि काटे-चमच्याने कडा दाबायच्या. म्हणजे करंजीच. आमच्या हिने काटा बाजूला ठेवला आणि बोटांनी मुरड घातली, दिवाळीला घालते तशी. आजी खुर्चीतून उठली. तोवर ती एकदाही उठली नव्हती. तिने ती करंजी हातात घेऊन फिरवून पाहिली, सुनेला काहीतरी म्हणाली, आणि सुनेने शेजारच्या बाईला हाक मारली. पुढची वीस मिनिटं तिथे वर्ग ग्रीक लोकांचा होता आणि शिक्षिका आमची ही. मराठी आणि ग्रीक यांच्यात मध्ये इंग्रजी लागलंच नाही. परदेशात आपण नेहमी पैसे देणारे असतो, घेणारे असतो. त्या वीस मिनिटांत आमच्याकडेही द्यायला काहीतरी होतं. हे हॉटेलच्या टेबलावर घडत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटला तो पदार्थ मात्र दिसायला अगदीच गरीब होता. 'पाक्सिमादी', म्हणजे जवाचा दोनदा भाजलेला पाव. दगडासारखा कडक. महिनोन् महिने टिकतो. खायच्या आधी पाण्याचा हात लावतात, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा, तेल. त्याला 'दाकोस' म्हणतात. मेंढपाळांची, खलाशांची ही शिदोरी. बायझंटाइन काळातल्या सैनिकांच्या रसदीतही असाच दोनदा भाजलेला पाव असायचा. मी तो हातात घेतल्यावर मला पेट्रोलवर खिशात भरलेले शकरपारे आठवले. सैनिकाचं अन्न कुठल्याही देशात एकाच हिशोबाने बनतं. टिकलं पाहिजे, वजन कमी पाहिजे, आणि चूल न पेटवता खाता आलं पाहिजे.

घरच्या मुलाला मी फौजी असल्याचं कळलं तेव्हा तो येऊन शेजारी बसला. ग्रीसमध्ये लष्करी सेवा सक्तीची आहे. त्याने ती तुर्कस्तानच्या सीमेवर, एव्ह्रोस नदीच्या बाजूला केली होती. त्याने विचारलं, तुमच्या लंगरात काय असतं? मी सांगितलं की पंधरा हजार फुटांवर पाणी उकळतं पण डाळ शिजत नाही, कुकरला पर्याय नाही. तो हसून म्हणाला, आमच्याकडे सगळं शिजत होतं, तरी कुणी खात नव्हतं. एवढ्यावर आमची ओळख झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

जेवताना आजीच्या ताटाशेजारी पावाचा एक तुकडा उरला. तिने तो रुमालात बांधून ठेवला. सुनेने सांगितलं, ती कधीच पाव टाकत नाही, जर्मन होते तेव्हा ती लहान होती. आजी म्हणाली, तेव्हा तेल होतं, भाजी होती, पाव नव्हता.

२० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले. या लढाईचा अभ्यास आपल्यापैकी अनेकांनी केला असेल, हवाईमार्गाने बेट घेण्याचं ते मोठं उदाहरण आहे. आपण वाचतो ते मालेमे विमानतळाबद्दल, झालेल्या हानीबद्दल. गावकऱ्यांनी काठ्या, कोयते, जुन्या बंदुका घेऊन छत्रीधाऱ्यांचा सामना केला आणि त्याची शिक्षा म्हणून जूनच्या सुरुवातीला कोंदोमारीत पुरुषांना गोळ्या घातल्या, कांदानोस गाव जमीनदोस्त केलं. हे आपण कमी वाचतो. आणि त्यानंतरच्या भुकेबद्दल तर जवळजवळ वाचतच नाही. १९४१-४२ च्या हिवाळ्यात ग्रीसमध्ये, विशेषतः अथेन्समध्ये, हजारो माणसं उपासमारीने मेली. जिंकणाऱ्या सैन्याने धान्य उचललं, वाहतूक मोडली, आणि ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे बाहेरून धान्य येईना. तुर्कस्तानने 'कुर्तुलुश' नावाचं जहाज धान्य भरून पाठवलं. काही फेऱ्या करून ते जानेवारी १९४२ मध्ये बुडालं. शतकानुशतकांचं वैर असलेल्या शेजाऱ्याने पाठवलेलं अन्न होतं ते.

पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, आपल्या बंगालमध्ये काय झालं ते आपण जाणतो. वीस ते तीस लाख माणसं गेली. व्हाइसरॉय वेव्हेल आल्यावर धान्य पोचवायला शेवटी लष्करालाच लावलं. त्याच वेळी लाखो भारतीय जवान आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढत होते. युद्धात माणूस गोळीने मरतो हे शिकवावं लागत नाही. युद्धात माणूस भाकरीवाचून मरतो, आणि ते मरण बंदूक न धरलेल्याला येतं, हे मात्र फौजी माणसालाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

ग्रीसच्या जेवणाचं आज जगभर कौतुक चालतं. भूमध्य आहार, हृदयाला उत्तम, डॉक्टरही सांगतात. ते खोटं नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीझ यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी जो सात देशांचा अभ्यास सुरू केला त्यात क्रीट होतं, आणि तिथल्या माणसांत हृदयविकार फार कमी आढळला. २०१० मध्ये युनेस्कोने या आहाराला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण त्याच्या आधी, १९४८ मध्ये, ग्रीक सरकारच्या विनंतीवरून रॉकफेलर फाउंडेशनने क्रीटच्या लोकांची पाहणी केली होती. लेलंड ऑलबॉ यांचा तो अहवाल १९५३ मध्ये छापला गेला. तेव्हा त्या लोकांना त्यांच्या जेवणाबद्दल विचारलं तर बहुतेक जण समाधानी नव्हते, आणि त्यांना सगळ्यात जास्त हवं होतं ते मांस. म्हणजे आज आपण ज्याला आरोग्याचा मंत्र म्हणतो, ती तेव्हा गरिबाची अडचण होती. होर्ता फुकट मिळायची म्हणून खाल्ली जायची. जवाचा पाव खायचा कारण गहू परवडत नव्हता.

आपल्याकडे वेगळं काय झालं? नाचणी, वरी, ज्वारी ही परिस्थिती नसलेल्याची धान्यं होती. आज शहरात ज्वारीची भाकरी हॉटेलात पोळीपेक्षा महाग मिळते. महाग झाली याचं दुःख नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर चांगलंच. पण भाकरी खाताना तिच्यामागची माणसं विसरली जाऊ नयेत. मेनूकार्डावर ती माणसं नसतात. ती आजीच्या रुमालात बांधलेल्या तुकड्यात असतात, आणि तो तुकडा बघायचा तर घरात जावं लागतं, हात पिठात घालावे लागतात. म्हणून मी या वर्गाच्या बाजूने बोलतोय.

आपल्या लोकांसाठी ग्रीसला जाण्याचं आणखी एक कारण सांगतो. अथेन्सच्या दक्षिणेला समुद्रालगत फालिरोचं युद्धस्मशान आहे. क्रीटला जाण्याआधी आम्ही तिथे गेलो. पांढऱ्या दगडांच्या रांगा, नीट राखलेली फुलझाडं. तिथे एक वेगळं स्मारक आहे, ग्रीस आणि युगोस्लाव्हियाच्या मोहिमांत मेलेल्या आणि आपापल्या धर्माप्रमाणे अग्नी दिल्या गेलेल्या ७४ भारतीय सैनिकांचं. कॅसिनोत लढून आलेली आपली चौथी इंडियन डिव्हिजन, लाल गरुडाची, १९४४ च्या अखेरीस इटलीतून ग्रीसला आणली गेली होती. जर्मन गेले होते, पण ग्रीक ग्रीकांशी लढायला लागले होते. आपल्या गावाचं नाव ज्यांना नीट उच्चारता येत नव्हतं अशा लोकांच्या भांडणात ही पोरं उभी होती. सहलीच्या बसेस अॅक्रोपोलिसला थांबतात, इथे थांबत नाहीत. तुम्ही स्वतः जा. एक फूल ठेवा. त्यांनी तिथे काय खाल्लं असेल, कुणी त्यांना पाटावर बसवलं असेल का, हा विचार मनात आणा. मग क्रीटच्या त्या घरातलं जेवण तुम्हाला निव्वळ सहल वाटणार नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की हे सगळं पर्यटकांसाठी रचलेलं नाटक असतं. काही ठिकाणी असतं, नाकारत नाही. पण परंपरा म्हणून जे दाखवतात तेही कधीतरी कुणीतरी रचलेलंच असतं. ग्रीसचा जगप्रसिद्ध 'मुसाका' घ्या. त्याच्यावरचा पांढरा फ्रेंच सॉसचा थर १९२० च्या दशकात निकोलाओस त्सेलेमेन्तेस नावाच्या आचाऱ्याने रूढ केला. त्याला ग्रीक जेवणातला तुर्की मसाला नको होता, युरोपचा रुबाब हवा होता. त्याच सुमारास, १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत, बारा लाखांहून जास्त ग्रीक ख्रिस्ती आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आले आणि येताना दालचिनी-जिऱ्याची चव घेऊन आले. एक माणूस मसाला काढत होता आणि लाखो निर्वासित तो परत आणत होते. दिल्लीत १९४७ नंतर पंजाबी निर्वासितांनी जेवण कसं बदललं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना हे समजावून सांगायला नको. तेव्हा अस्सल-नक्कल यात फार पडू नका. घर खरं आहे का, शिकवणारी बाई तिथे खरंच राहते का, हे बघा.

दुसरा आक्षेप शाकाहाराचा. उलट ग्रीसमध्ये हे सोपं आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास मोजले तर वर्षातले १८० च्या वर दिवस भरतात. बुधवार, शुक्रवार, ईस्टरपूर्वीचे आठवडे. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काही नाही. या उपासाच्या पदार्थांना 'निस्तीसिमा' म्हणतात. एक काळजी घ्या, आठपायी ऑक्टोपस आणि कोळंबी त्यांना उपासाला चालते, तेव्हा आधी विचारा. शिवाय 'लादेरा' नावाचा पदार्थांचा गटच आहे, तेलात आणि टोमॅटोत शिजवलेल्या भाज्यांचा. सांतोरिनी बेटावरची पिवळी 'फावा' मागा. ती घोटलेल्या डाळीसारखीच असते, आणि ती डाळ आपल्या लाखेच्या डाळीची चुलत बहीण आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा. आम्ही माणशी ७० युरो दिले, जवळपास सात हजार रुपये. स्वस्त नाही. पण पाच तास, पोटभर जेवण, आणि ते पैसे एका घरातल्या दोन बायकांच्या हातात गेले. सहलीत आपण याच्यापेक्षा जास्त पैसे फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर घालवतो.

आणि यातून मला एक गोष्ट गावाकडे आणावीशी वाटते. ग्रीसची खेडी रिकामी झालेली आहेत, मुलं शहरात आणि परदेशात गेली. त्या घरात सून आणि सासू राहिल्या आहेत त्या या स्वयंपाकामुळे, कारण त्याचे पैसे मिळतात. आमच्या माण-खटावमध्ये, कोकणात, अशी कितीतरी घरं आहेत. ज्या बाईला तीन बोटांनी भाकरी थापता येते, पंधरा रानभाज्या ओळखता येतात, तिला आपण 'घरीच असते' म्हणतो. तिच्या हातातलं कौशल्य शिकायला कुणीतरी पैसे देऊन येईल ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. निवृत्त फौजी गावात काय करतो? सिक्युरिटीची नोकरी शोधतो, नाहीतर पारावर बसतो. त्यापेक्षा त्याने घरातल्या बाईला विचारावं, तिची इच्छा असेल तर दोन खोल्या नीट कराव्यात, आणि पैसे तिच्या नावावर जमा करावेत. हिशोब ठेवणं, रसद आणणं, पाहुणे वेळेवर आणणं हे काम आपल्याला येतं. शिकवायचं काम तिचं.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. लहान गट घ्या, सहा-आठ जणांपेक्षा मोठा नको. हॉटेलच्या स्वयंपाकघरातला वर्ग टाळा, घरातला बघा. सहलीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच करा, म्हणजे पुढे बाजारात गेल्यावर काय बघतोय ते कळतं. आणि सोबत आपल्या घरची एखादी गोष्ट न्या. आमच्या हिने गोडा मसाल्याची पुडी नेली होती. आजीने वास घेतला, दालचिनी ओळखली, दगडफूल ओळखलं नाही. पुडी मात्र ठेवून घेतली.

ग्रीक भाषेत 'क्सेनोस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, परका आणि पाहुणा. यातलं कोण व्हायचं ते बरंचसं आपल्यावर असतं. बसमधून हात हलवणारा परका राहतो. कुणी घरात बोलावलं तर बूट कुठे काढायचे ते विचारा, हात धुवा, आणि म्हणा, मी काय चिरू? एवढं आपल्याला फौजेने शिकवलेलं आहे.

जय हिंद.